मीठ वीज कधी वाहून नेतं? आयनिक संयुगं पायरीपायरीने

कोरड्या मिठाच्या ढिगात बॅटरीला जोडलेल्या दोन तारा खुपसल्या तर दिवा लागत नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवल्या तरी लागत नाही. आता ते मीठ त्या पाण्यात टाका, ढवळा आणि तारा पुन्हा बुडवा: दिवा लागतो. वीज न वाहणारे दोन पदार्थ एकत्र आले आणि वीज वाहू लागली.

'पाण्यात मिठाचे आयन तयार होतात' असं उत्तर परीक्षेत सर्रास लिहिलं जातं आणि त्याला बहुधा गुणही मिळतात. पण ते चूक आहे. आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, कोरड्या खड्यातही होतेच, खच्चून भरलेले. पाण्याने ते तयार केले नाहीत, मोकळे केले. पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे: ज्या ओढीमुळे हे संयुग बनतं, तीच ओढ त्याला स्थायू असताना वीज वाहू देत नाही. वही-पेन्सिल घेऊन बसा, कारण काही आकडे हाताने मांडल्याशिवाय यातली गंमत कळत नाही.

पायरी १: बाहेरचं कवच मोजा

सोडिअमचा अणुअंक ११. इलेक्ट्रॉन कवचांत भरा: २, ८, १. क्लोरीनचा १७: २, ८, ७. सरावासाठी आणखी चार लिहून ठेवा. मॅग्नेशिअम २, ८, २. ॲल्युमिनिअम २, ८, ३. ऑक्सिजन २, ६. फ्लुओरीन २, ७.

सोडिअमचा शेवटचा इलेक्ट्रॉन एकटा बाहेर आहे. केंद्रकात ११ प्रोटॉन असले तरी मधल्या १० इलेक्ट्रॉनांच्या आडोशामुळे त्यांची ओढ त्याच्यापर्यंत पुरती पोचत नाही. म्हणून तो इतरांच्या मानाने सैल असतो. क्लोरीनमध्ये बाहेरच्या कवचात एक जागा रिकामी आहे आणि तिथे येणाऱ्या इलेक्ट्रॉनवर केंद्रकाची ओढ चांगलीच जोरात असते. एका बाजूला सैल इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूला रिकामी जागा, अशी जोडी दिसली की आयनिक संयुगाची शक्यता धरायला हरकत नाही. ढोबळ खूण म्हणजे एक धातू आणि एक अधातू.

पायरी २: इलेक्ट्रॉन हलवा आणि प्रभार पुन्हा मोजा

सोडिअमकडून इलेक्ट्रॉन काढून क्लोरीनला द्या. सोडिअमकडे आता प्रोटॉन ११ आणि इलेक्ट्रॉन १०, म्हणजे एक धन प्रभार. क्लोरीनकडे प्रोटॉन १७, इलेक्ट्रॉन १८, म्हणजे एक ऋण प्रभार. प्रभार असलेल्या अशा अणूला किंवा अणुसमूहाला आयन म्हणतात.

इथे मुलं एक गफलत करतात: सोडिअमचं संरूपण, म्हणजे कवचांतली इलेक्ट्रॉनांची मांडणी, २, ८ झालं आणि निऑनचंही तेच, म्हणजे सोडिअमचा निऑन झाला! अजिबात नाही. मूलद्रव्य कोणतं ते प्रोटॉन ठरवतात आणि प्रोटॉन जागचे हललेले नाहीत. सोडिअमचा आयन सोडिअमचाच राहतो, फक्त वागणं पार बदलतं. पाण्यात टाकला की पेट घेणारा धातू आणि फुफ्फुसं जाळणारा वायू यांच्यापासून मीठ बनतं ते याचमुळे.

आकारही बदलतो. सोडिअमच्या अणूची त्रिज्या सुमारे १८६ पिकोमीटर, तर आयनाची साधारण १०२, कारण बाहेरचं अख्खं कवचच गेलं. क्लोरीनचं उलटं: अणू सुमारे ९९, आयन १८१. त्याच १७ प्रोटॉनांना आता एक इलेक्ट्रॉन जास्त सांभाळायचा आहे आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात. खड्याचं चित्र काढाल तेव्हा क्लोराइडचे गोळे मोठे आणि सोडिअमचे छोटे काढा.

पायरी ३: सूत्र म्हणजे शून्याचा हिशेब

ही पायरी सोपी आहे. एकूण प्रभार शून्य आला पाहिजे, बस्स. मॅग्नेशिअम दोन इलेक्ट्रॉन देतो आणि क्लोरीन एकच घेतो, म्हणून एका मॅग्नेशिअममागे दोन क्लोराइड. ॲल्युमिनिअम तीन देतो, ऑक्सिजन दोन घेतो. दोघांचा मेळ सहावर बसतो, म्हणून दोन ॲल्युमिनिअम आणि तीन ऑक्साइड. नायट्रेट, सल्फेट, अमोनिअम यांसारख्या अणूंच्या गटांनाही हाच नियम लागतो. फक्त त्या गटाच्या आतले बंध सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन बनलेले, असतात, तेव्हा गट फोडायला जाऊ नका.

पायरी ४: जमाखर्च मांडा

बऱ्याच वर्णनांत सोडिअम इलेक्ट्रॉन 'द्यायला उत्सुक' असतो आणि क्लोरीन 'घ्यायला आतुर'. लग्न जुळवल्यासारखी ही भाषा लक्षात राहते, पण सोडिअम मुळीच उत्सुक नसतो. आकडे मांडून बघा. सगळे आकडे एका मोलसाठी आहेत, म्हणजे २३ ग्रॅम सोडिअम आणि ३५.५ ग्रॅम क्लोरीन.

आधी खर्च. धातूच्या तुकड्यातून सोडिअमचे अणू सुटे करायला सुमारे १०७ किलोज्यूल. क्लोरीनचे रेणू फोडून अणू वेगळे करायला सुमारे १२२. आणि सोडिअमच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उपटायला तब्बल ४९६. एकूण ७२५ किलोज्यूल गेले.

आता जमा. क्लोरीन इलेक्ट्रॉन घेतो तेव्हा सुमारे ३४९ किलोज्यूल बाहेर पडतात. ७२५ मधून ३४९ गेले, ३७६ ची तूट राहिली. इथेच थांबलो तर हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीतून, अष्टक (बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होऊनसुद्धा, काही फायदा झालेला नाही.

फायदा होतो तो यानंतर. हे विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांजवळ येऊन खड्यात रचले जातात तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा सुटते. हिला जालक ऊर्जा म्हणतात. तूट भरून वर ४११ किलोज्यूल शिल्लक उरतात आणि सोडिअम क्लोरीनच्या वायूत जळतो तेव्हा पिवळ्या ज्योतीबरोबर उष्णता बाहेर पडते ती हीच. मॅक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा हिशेब १९१९ सालचा आहे.

तेव्हा 'अष्टक पूर्ण करण्यासाठी इलेक्ट्रॉन दिला' हे वाक्य किती इलेक्ट्रॉन जातील ते सांगतं, का जातात ते सांगत नाही. का याचं उत्तर ७८७ या आकड्यात आहे. तो बाजूला लिहून ठेवा, पायरी ६ मध्ये तोच आपल्याला आडवा येणार आहे.

पायरी ५: खड्यात शिरा

मिठाचा खडा भिंगाखाली धरलात तर घनाकृती कडा दिसतात. आतली रचनाही तशीच आहे. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. प्रत्येक क्लोराइडभोवती तसेच सहा सोडिअम. विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचा मुलगा विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांनी १९१३ च्या सुमारास ही रचना उलगडली आणि १९१५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या बापलेकांना मिळालं.

या रचनेत 'मिठाचा रेणू' कुठेच सापडत नाही. हा सोडिअम अमक्या क्लोराइडचा, असं बोट ठेवून सांगता येत नाही. सहाही शेजारी सारखेच जवळचे. हे पचायला त्या काळी भल्याभल्यांना जड गेलं. हेन्री आर्मस्ट्राँग या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने १९२७ सालीसुद्धा या कल्पनेची जाहीर टर उडवली होती. आज आपण मिठाचं सूत्र लिहितो ते रेणूचं नव्हे, आयनांच्या प्रमाणाचं.

खड्याचे बाकीचे गुण याच रचनेतून निघतात. सगळीकडून ओढ असल्यामुळे मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोन्हीकडचा प्रभार दुप्पट, शिवाय आयन छोटे म्हणून आणखी जवळ. ते वितळतं सुमारे २८५० अंशांना. आणि खड्यावर हातोडी मारली तर तो वाकत नाही, फुटतो. एक थर एका घराने सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं आणि दोन भाग एकमेकांना दूर लोटतात.

पायरी ६: वीज वाहायला काय लागतं ते ठरवा

दोनच गोष्टी लागतात: प्रभार असलेले कण, आणि ते कण इकडून तिकडे जाऊ शकणं. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, म्हणून दोन्ही अटी पुऱ्या होतात. साखरेच्या द्रावणात रेणू मोकळे फिरतात पण त्यांना प्रभार नाही. कोरड्या मिठात प्रभारच प्रभार आहेत, पण एकही आयन जागचा हलू शकत नाही आणि इलेक्ट्रॉन तर प्रत्येक आयनाने घट्ट धरून ठेवलेत. पायरी ४ मध्ये ज्या ७८७ किलोज्यूलनी आपल्याला मीठ मिळवून दिलं, त्यांनीच आता आयनांना जखडून ठेवलं आहे.

सोडवायचे दोन रस्ते आहेत: तापवा, नाहीतर विरघळवा.

पायरी ७: तापवून सोडवणं

हम्फ्री डेव्हीने १८०७ साली पोटॅशमधून, म्हणजे आजच्या भाषेत पोटॅशिअम हायड्रॉक्साइडमधून, वीज सोडायचं ठरवलं. पाण्यातल्या द्रावणातून सोडली तर नुसते हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळाले. पाणीच फुटत होतं. पूर्ण कोरडं पोटॅश घेतलं तर वीज वाहतच नव्हती. मग त्याने पोटॅशचा तुकडा काही सेकंद हवेत ठेवला. पृष्ठभाग किंचित ओलसर झाला, तेवढ्या ओलीतून वीज सुरू झाली आणि तिच्याच उष्णतेने तुकडा वितळू लागला. ऋण टोकाशी पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसले, त्यातले काही भडकून पेटले. तो पोटॅशिअम धातू होता. डेव्ही आनंदाने खोलीभर नाचला, असं त्याला मदत करणाऱ्या त्याच्या चुलतभावाने पुढे सांगितलं. काही दिवसांतच त्याने सोडिअमही मिळवला.

पुढे मायकेल फॅरडेच्या लक्षात आलं की बर्फाचा पातळसा थर आड आला तरी वीज थांबते. त्यावरून त्याने १८३३ साली अनेक क्षार वितळवून तपासले. स्थायू असताना अडून बसणारे क्षार वितळल्यावर वीज वाहू लागले. 'आयन' हा शब्द त्याने १८३४ साली रूढ केला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'जाणारा'.

पायरी ८: विरघळवून सोडवणं

जे काम करायला ८०१ अंश लागतात ते पाणी खोलीच्या तापमानाला कसं करतं? पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचं टोक किंचित ऋण आणि हायड्रोजनची टोकं किंचित धन असतात. खड्याच्या कडेच्या सोडिअम आयनाभोवती रेणूंची ऑक्सिजनची टोकं गोळा होतात, क्लोराइडभोवती हायड्रोजनची. एकेक आयन पाण्याच्या वेढ्यात सापडून बाहेर खेचला जातो. शिवाय पाण्यात दोन प्रभारांमधली ओढ निर्वात जागेच्या मानाने सुमारे ८० पटींनी कमी पडते, त्यामुळे सुटलेले आयन पुन्हा घट्ट चिकटत नाहीत. जालक ऊर्जेची भरपाई बहुतांशी या वेढ्याच्या ऊर्जेतून होते.

आयन द्रावणात आधीपासूनच सुटे असतात, बॅटरी जोडल्यावर सुटत नाहीत, हे स्वान्ते अऱ्हेनिअसने १८८४ च्या प्रबंधात मांडलं. परीक्षकांनी त्याला जेमतेम गुण दिले. १९०३ साली त्याच कामाला नोबेल मिळालं.

सगळी आयनिक संयुगं पाण्यात विरघळत नाहीत. बेरिअम सल्फेट, सिल्व्हर क्लोराइड यांची ओढ पाण्याला पुरून उरते. ती पाण्यात टाकली तर वीज नावापुरतीच वाहते.

पायरी ९: टोकाशी काय होतं ते पाहा

द्रावणातून इलेक्ट्रॉन पोहत जात नाहीत. तारेत इलेक्ट्रॉन चालतात, द्रावणात आयन चालतात, आणि जिथे तार संपून द्रावण सुरू होतं तिथे रासायनिक क्रिया व्हावीच लागते. वितळलेल्या मिठात सोडिअम आयन ऋणाग्राशी, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या तारेशी, येऊन इलेक्ट्रॉन घेतो आणि धातू बनतो. क्लोराइड धनाग्राशी इलेक्ट्रॉन सोडतो आणि क्लोरीन वायू होतो. पाण्यातल्या द्रावणात मात्र ऋणाग्राशी सोडिअमऐवजी पाण्यातून हायड्रोजन निघतो, कारण ते सोपं पडतं, आणि द्रावणात सोडिअम हायड्रॉक्साइड साठत जातं. धातूची तार वीज वाहून आहे तशीच राहते. द्रावण वीज वाहता वाहता बदलत जातं.

आयनांचा वेग किती असेल? एका सेंटीमीटरवर एक व्होल्ट इतका रेटा दिला तर पाण्यातला सोडिअम आयन तासाला जेमतेम दोन सेंटीमीटर सरकतो. तरी दिवा लगेच लागतो, कारण सगळ्या वाटेवरचे आयन एकाच वेळी सरकू लागतात. समुद्राच्या पाण्यापेक्षा तांबं साधारण एक कोटी पट चांगला वाहक आहे, म्हणून घरातल्या तारांत कुणी खारं पाणी भरत नाही! तापवल्यावर मात्र दोघं उलट वागतात: धातूची वाहकता घटते, द्रावणाची दर अंशामागे साधारण दोन टक्क्यांनी वाढते, कारण पाणी पातळ होऊन आयनांची वाट सोपी होते.

पायरी १०: स्वतः करून बघा

साहित्य: ९ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना तासलेल्या दोन लाकडी पेन्सिली, क्रोकोडाइल क्लिपा लावलेल्या तारा, तीन-चार काचेचे पेले, डिस्टिल्ड वॉटर, मीठ, साखर आणि मॅग्नेशिअम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट.

बॅटरीच्या धन टोकापासून रेझिस्टर, मग एलईडीचा लांब पाय, आखूड पायापासून पहिली पेन्सिल, आणि दुसऱ्या पेन्सिलीपासून तार परत बॅटरीच्या ऋण टोकाला. आधी पेन्सिलींची शिसं एकमेकांना टेकवा. एलईडी लागला तरच पुढे जा. नाही लागला तर त्याचे पाय उलटे करून बघा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा घड्याळाचे दोन सेल वापरले, म्हणजे तीन व्होल्ट. शिसं टेकवली की एलईडी लागे, मिठाच्या पाण्यात बुडवली की विझे. अर्धा तास मीठ वाढवत बसलो. चूक मिठाची नव्हती. एलईडीलाच सुमारे दोन व्होल्ट लागतात आणि टोकाशी होणाऱ्या क्रियेला जवळपास तेवढेच आणखी. तीन व्होल्टांत दोघांचं भागत नाही. ९ व्होल्टांत भागतं.

आता याच क्रमाने जा: कोरडं मीठ, नुसतं डिस्टिल्ड वॉटर, साखरेचं पाणी, नळाचं पाणी, एप्सम सॉल्टचं द्रावण, शेवटी मिठाचं द्रावण. दर वेळी शिसं डिस्टिल्ड वॉटरने धुऊन पुसा, नाहीतर मागचं मीठ साखरेच्या पेल्यात शिरेल आणि साखर वीज वाहते असा शोध लागेल. पहिल्या तिन्हींत काही दिसायला नको. अंधाऱ्या खोलीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये अगदी पुसट लकाकी दिसली तर घाबरू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्यातही थोडे आयन येतात. नळाच्या पाण्यात मंद उजेड, क्षारांच्या द्रावणात चांगला. चिमूट चिमूट मीठ वाढवलं तर उजेड वाढतो, पण एका मर्यादेनंतर थांबतो. तिथून पुढे प्रवाहाला पाणी अडवत नसतं, रेझिस्टर अडवत असतो.

मिठाच्या पेल्यात धनाग्राकडून पोहण्याच्या तलावासारखा वास आला तर तो क्लोरीन. म्हणून तो प्रयोग दहा-पंधरा सेकंदांत आटपा, खिडकी उघडी ठेवा, त्या पेल्यात आम्ल मिसळू नका. जास्त वेळ बुडबुडे बघायचे असतील तर एप्सम सॉल्ट घ्या. आणि भिंतीवरच्या सॉकेटची वीज या प्रयोगात कधीही, कुठल्याही कारणाने वापरायची नाही.

पायरी ११: नियमाला ताण देऊन बघा

हायड्रोजन क्लोराइड हा सहसंयुज वायू, पण पाण्यात गेला की वीज उत्तम वाहतो. इथे मात्र आयन खरोखरच पाण्यात तयार होतात. सुरुवातीला चूक म्हटलेलं वाक्य या पदार्थाला चपखल बसतं. ॲल्युमिनिअम क्लोराइड धातू-अधातूचं असूनही वितळल्यावर वीज जवळजवळ वाहत नाही, कारण द्रवात त्याचे रेणू असतात, सुटे आयन नसतात. धातू-अधातूची खूण ढोबळ म्हटली ती यासाठी.

सगळ्यात मजेदार सिल्व्हर आयोडाइड. ते वितळतं ५५८ अंशांना, पण १४७ अंश ओलांडले की स्थायू असतानाच वीज वाहू लागतं. आयोडाइड आपापल्या जागी उभे राहतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून चांदीचे आयन द्रवासारखे फिरतात. पुढे तापवत नेऊन ते वितळवलं तर वाहकता वाढायला हवी असं वाटेल. ती किंचित कमी होते.